ओटीवरून माजघरात: घरच्या वायफायवरून फोन आणि कॉम्प्युटरमध्ये फाइल पाठवण्याची कृती

गौरी-गणपतींचं विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी सकाळपासून आमच्या ओटीवर पिशव्या भरायला सुरुवात होते. कोणाला चिपळूणहून गाडी पकडायची असते, कोणाची रात्रीची एसटी असते. नारळ, कुळथाचं पीठ, आमसुलं बांधून होतात आणि त्या गडबडीत एक वाक्य ठरलेलं असतं, "अरे, फोटो ग्रुपवर टाक हां!" पाच दिवसांत दहा-बारा फोनांत मिळून हजारभर फोटो, आरत्यांचे, फुगड्यांचे, जाखडीचे व्हिडिओ जमलेले असतात.

तीन वर्षांपूर्वी आमच्या मोठ्या काकूने गौरीपुढे बसून वीसेक मिनिटं जुनी गाणी म्हटली. चुलतभावाने ती सगळी फोनवर टिपली, तुकडे करून ग्रुपवर पाठवली, आणि फोन भरला म्हणून मूळ व्हिडिओ पुसून टाकला. आज आमच्याकडे जी प्रत उरली आहे तिच्यात काकूचा चेहरा चौकटी-चौकटींचा दिसतो, आणि तिच्या मागे बसून झेलणाऱ्या बायका कोण हे ओळखू येत नाही. त्या रात्री घरातला कॉम्प्युटर माजघरात चालू होता, फोनपासून पंधरा पावलांवर. तो व्हिडिओ जसाच्या तसा काही मिनिटांत तिथे गेला असता. पण हे करता येतं, हेच आमच्यापैकी कोणाला माहीत नव्हतं.

ज्यांनी हे कधीच केलेलं नाही, त्यांच्यासाठी अगदी पहिल्यापासून सांगतो.

पाखाडी आणि हमरस्ता

वायफाय म्हणजेच इंटरनेट, असं आपण धरून चालतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राउटर, म्हणजे घरात वायफाय देणारी ती छोटी पेटी, दोन कामं करतो: घरातले फोन, कॉम्प्युटर, टीव्ही एकमेकांना जोडतो, आणि त्या सगळ्यांना बाहेरच्या इंटरनेटला जोडतो. वाडीतल्या घराघरांना जोडणारी पाखाडी वेगळी आणि वाडीबाहेरचा हमरस्ता वेगळा, तसंच हे. शेजारी वाटीभर साखर द्यायला कोणी हमरस्त्यावर जात नाही.

व्हॉट्सॲपवर किंवा ड्राइव्हवर फाइल टाकली की ती हमरस्त्याने दूरच्या सर्व्हरवर जाते आणि माजघरातल्या कॉम्प्युटरवर यायला तोच रस्ता परत तुडवते. हिशोब करून बघा. समजा १० जीबीचे फोटो-व्हिडिओ आहेत आणि तुमच्या कनेक्शनचा अपलोडचा वेग ५ एमबीपीएस आहे. नुसतं वर चढवायलाच साधारण साडेचार तास लागतील, उतरवून घ्यायचा वेळ आणखी वेगळा. घरातल्या घरात, बऱ्या वायफायवर, हेच काम दहा-पंधरा मिनिटांत होऊ शकतं.

शिवाय घाटात दरड कोसळली आणि हमरस्ता बंद झाला, तरी पाखाडी चालूच असते. पावसात केबल तुटून नेट गेलं तरी राउटरला वीज असेल तर घरातल्या घरात फाइल जात-येत राहतात. कोकणात राहणाऱ्याला ही गोष्ट किती कामाची आहे, हे वेगळं सांगायला नको.

व्हॉट्सॲपबद्दल एक खुलासा करतो. फोटो नेहमीसारखा पाठवला तर तो दाबून लहान केला जातो, चार-पाच एमबीचा फोटो काही शे केबींवर येतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर दर्जा राहतो, आणि २ जीबीपर्यंतची फाइल जाते. एखाद-दुसऱ्या फाइलला ते ठीक आहे. हजार फोटोंना नाही.

सुरू करण्याआधी तीन गोष्टी बघा

पहिली, फोन आणि कॉम्प्युटर एकाच राउटरवर हवेत. फोनच्या वायफायचं नाव आणि कॉम्प्युटरच्या वायफायचं नाव ताडून बघा. कधी एकाच राउटरची दोन नावं असतात, त्यातल्या एकाच्या शेवटी '५जी' लिहिलेलं असतं. फोन एकावर आणि कॉम्प्युटर दुसऱ्यावर असला तरी बहुतेक वेळा चालतं. कॉम्प्युटर राउटरला वायरने जोडलेला असेल तर उत्तमच. पण 'गेस्ट' असं नाव असलेल्या वायफायवर मात्र जाऊ नका. त्याचं कारण पुढे येईल.

दुसरी, कॉम्प्युटरला सांगावं लागतं की हे आपलं घर आहे. विंडोजमध्ये सेटिंग्ज उघडा, नेटवर्क अँड इंटरनेटमध्ये जा, वायफाय निवडा, आणि ज्या वायफायला जोडलेले आहात त्याच्या प्रॉपर्टीज उघडा. तिथे 'पब्लिक नेटवर्क' आणि 'प्रायव्हेट नेटवर्क' असे दोन पर्याय दिसतील. घरासाठी 'प्रायव्हेट' निवडा. पब्लिक असेल तर कॉम्प्युटर स्वतःला लपवून ठेवतो, आणि स्टेशनवर किंवा हॉटेलात त्याने तसंच करायला हवं. माझ्या पाहण्यात दहापैकी निम्मी अडलेली घरं या एका खुणेवर सुटली आहेत.

तिसरी, फोनवर व्हीपीएन (फोनचं सगळं येणं-जाणं दूरच्या सर्व्हरमार्फत नेणारी सोय) चालू असेल तर तेवढ्यापुरतं बंद करा. बँकेच्या किंवा ऑफिसच्या कामासाठी ते टाकलेलं असतं आणि चालू आहे हे लक्षातही राहत नाही. व्हीपीएन घरातली फाइलसुद्धा हमरस्त्यावर ढकलायला बघतं.

सगळ्यात सोपी वाट: लोकलसेंड

नवख्या माणसाला मी सगळ्यात आधी हेच सांगतो. लोकलसेंड हे फुकट ॲप आहे, त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे, जाहिराती नाहीत, खातं उघडावं लागत नाही, आणि अँड्रॉइड, आयफोन, विंडोज, मॅक, लिनक्स या सगळ्यांवर चालतं. आमच्या ओटीवर दोन आयफोन आणि बाकी सहा कंपन्यांचे अँड्रॉइड असतात, त्यामुळे एकाच ठिकाणी चालणारं काही उपयोगाचं नव्हतं.

१. फोनवर प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरवरून आणि कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्ट स्टोअरवरून लोकलसेंड टाकून घ्या. ॲप उतरवायला तेवढं एकदा इंटरनेट लागतं, म्हणून पाहुणे यायच्या आधीच, नेट धड असताना हे करून ठेवा.

२. कॉम्प्युटरवर ॲप पहिल्यांदा उघडलं की विंडोज फायरवॉलची खिडकी येते आणि परवानगी विचारते. तिथे प्रायव्हेट नेटवर्कवर खूण ठेवून 'अलाव' दाबा. बरेच जण घाबरून 'कॅन्सल' दाबतात, आणि मग फोनला कॉम्प्युटर कधीच दिसत नाही.

३. आयफोनवर 'लोकल नेटवर्क'ची परवानगी विचारली जाते, तिला हो म्हणा. चुकून नाही म्हटलं असेल तर सेटिंग्जमधल्या प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत जाऊन, लोकल नेटवर्कमध्ये लोकलसेंडचं बटण चालू करा.

४. दोन्हीकडे ॲप उघडं ठेवा. फोनवर 'सेंड'मध्ये जाऊन 'मीडिया' निवडा, फोटो-व्हिडिओंवर खुणा करा. खाली जवळच्या उपकरणांच्या यादीत तुमचा कॉम्प्युटर दिसेल.

५. त्या नावावर बोट ठेवा. कॉम्प्युटरवर विचारणा येईल, 'ॲक्सेप्ट' दाबा. संपलं.

उपकरणांना लोकलसेंड स्वतःच नावं देतं, इंग्रजी विशेषण आणि पुढे एखादं फळ किंवा भाजी. एकाच वेळी आठ फोन उघडले की यादीत नुसता बाजार दिसतो आणि कोण कुठला ते कळत नाही. आम्ही पहिल्याच दिवशी सेटिंग्जमध्ये जाऊन नावं बदलली: 'माजघर' हा कॉम्प्युटर, बाकीचे ज्याच्या-त्याच्या हाकेच्या नावाने. हे दोन मिनिटांचं काम आहे, करून टाका. चुकून भलत्याच फोनवर फोटो जात नाहीत.

आलेल्या फाइल कॉम्प्युटरच्या डाउनलोड्समध्ये पडतात. सेटिंग्जमध्ये 'रिसीव्ह' भागात ती जागा बदलता येते. मी गणपतीच्या आधी 'गणपती', त्यात वर्ष, त्यात ज्याचा फोन त्याचं नाव, असं फोल्डर करतो आणि प्रत्येक फोनाआधी जागा बदलतो. देवनागरी नावं बेधडक द्या, काही बिघडत नाही. फोल्डरला नाव नाही दिलं तर पुढच्या वर्षी 'आयएमजी' आणि आकड्यांच्या ढिगात काकूला शोधत बसाल.

'क्विक सेव्ह' नावाची एक सोय आहे, तिने न विचारता सगळं घेतलं जातं. ती बंदच असू द्या. आलेली प्रत्येक गोष्ट हो म्हटल्यावरच घरात यावी.

पहिल्यांदा हे करून दाखवलं तेव्हा काकू पाटावर बसून तांदूळ निवडत होती. "तुझ्या त्या पेटीत माझा आवाज जाईल का रे?" तिने विचारलं. मी तिथेच फोनवर तिचं एक कडवं टिपलं, पाठवलं आणि कॉम्प्युटरच्या स्पीकरवर लावलं. सूप हातातच राहिलं तिच्या. मग म्हणाली, "श्वास पण ऐकू येतो."

तुमच्याकडे सगळे अँड्रॉइड फोन आणि विंडोजचा कॉम्प्युटर असेल तर गूगलचं 'क्विक शेअर'ही चांगलं आहे. पूर्वी त्याला निअरबाय शेअर म्हणत. जानेवारी २०२४मध्ये ते आणि सॅमसंगचं क्विक शेअर एक झालं. फोनमध्ये ते आधीच असतं, विंडोजवर तेवढं टाकावं लागतं. आयफोन आणि मॅक अशी जोडी असेल तर एअरड्रॉप आहेच, तिथे वेगळं काही शिकायला नको.

फोनला कॉम्प्युटर दिसत नसेल तर

इथे लोक हात टेकतात, म्हणून जरा सावकाश सांगतो.

राउटरवरच्या प्रत्येक उपकरणाला एक आकडी पत्ता मिळतो. बहुतेक घरांत तो १९२.१६८ने सुरू होतो, काही ठिकाणी १०ने. हे पत्ते १९९४ सालापासून खाजगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत, त्यामुळे तुमच्या घरातला पत्ता आणि शेजाऱ्याच्या घरातला पत्ता तोच असू शकतो आणि काही अडत नाही. घराबाहेर त्यांना किंमत नाही. कॉम्प्युटरचा पत्ता वायफायच्या त्याच प्रॉपर्टीजमध्ये 'आयपीव्ही४ ॲड्रेस' या ओळीत सापडतो. फोनचा पत्ता वायफायच्या नावावर टिचकी मारली की तपशिलात दिसतो.

दोन्ही पत्ते कागदावर एकाखाली एक लिहा. समजा कॉम्प्युटर १९२.१६८.१.५ आणि फोन १९२.१६८.१.९ आहे. पहिले तीन आकडे सारखे आहेत, म्हणजे दोघे एकाच पाखाडीवर आहेत. फोनचा पत्ता १९२.१६८.०.९ असा आला तर तो दुसऱ्याच राउटरवर आहे. पडवीत रेंज येत नाही म्हणून कोणी जुना राउटर दुसऱ्या टोकाला लावून ठेवलेला असतो आणि तो आपलं वेगळंच घर मांडून बसतो. अशा वेळी फोन मूळ राउटरवर आणा.

पत्ते जुळतात तरी दिसत नाही? मग लोकलसेंडमध्ये पत्ता हाताने घालायची सोय आहे, ती वापरा. आकडे इंग्रजीतच टाइप करा. त्यानेही जमलं नाही तर राउटरमध्ये 'एपी आयसोलेशन' नावाची खूण चालू आहे का ते बघा. ती चालू असली की राउटर सगळ्यांना इंटरनेट देतो, पण एकमेकांशी बोलू देत नाही. राउटरच्या पोटाखाली चिकटवलेल्या कागदावर त्याचा पत्ता आणि पासवर्ड असतो. तो पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की सेटिंग्जचं पान उघडतं.

नेट गेलेलं असतानाची एक खास अडचण सांगतो, कारण ती आपल्याकडे पावसाळाभर येते. वायफायला इंटरनेट नाही असं दिसलं की फोन आपणहून मोबाइल डेटावर उडी मारतो. वायफायची खूण वर दिसत राहते, आणि फोन मात्र तिथे नसतो. तेव्हा मोबाइल डेटा बंद करा, आणि 'इंटरनेट नाही, तरी जोडलेले राहायचं का' असं विचारलं तर हो म्हणा.

आणि फाइल जात असताना फोनची स्क्रीन बंद होऊ देऊ नका. बॅटरी वाचवायची सेटिंग चालू असली की फोन मध्येच ॲपला झोपवतो. कॉम्प्युटरलाही तेवढ्यापुरती झोप नको.

चिऱ्याची भिंत

वेग कमी पडतो तेव्हा लोक कंपनीला फोन करतात. घरातल्या घरातल्या कामात कंपनीचा काही संबंध नसतो, संबंध असतो तो भिंतींचा. आपली जुनी घरं जांभ्या चिऱ्याची, भिंत हातभर जाड. वायफायच्या लहरी दोन प्रकारच्या: २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिली हळू, पण भिंतीपलीकडे बऱ्यापैकी पोचते. दुसरी वेगवान, पण जाड भिंत आली की लवकर दम तोडते.

राउटर ओटीवर असेल आणि तुम्ही फोन घेऊन माजघरात बसलात तर फोन २.४वर येतो आणि सेकंदाला तीन-चार एमबीच्या वर जात नाही. १० जीबीला पाऊण तास लागतो. फोन उचलून राउटरसमोर ओटीवर बसलात आणि ५ गिगाहर्ट्झ धरलंत, कॉम्प्युटरही त्याच खोलीत किंवा चांगल्या वायरने जोडलेला असला, तर तोच वेग वीस-पंचवीस एमबीवर जातो आणि तेच काम सात-आठ मिनिटांत उरकतं. म्हणून मोठा गठ्ठा पाठवायचा असला की मी लॅपटॉपच ओटीवर आणतो. राउटर मात्र खिडकीच्या कडेला ठेवू नका. तिरपा पाऊस आणि खारं वारं दोन्ही त्याला मारतात.

एमबीपीएस आणि एमबी यांत गल्लत होते, तेवढी लक्षात ठेवा: कंपनी सांगते तो आकडा बिटांचा असतो, त्याला आठने भागलं की एमबी मिळतात.

रोजच्या कामाला सामायिक फोल्डर

वर्षातून एकदा फोटो घ्यायचे तर लोकलसेंड पुरतं. पण आंब्याच्या पेट्यांची बिलं, सातबाऱ्याचे स्कॅन, शाळेची प्रश्नपत्रिका असं रोज काहीतरी फोनवरून कॉम्प्युटरवर जात असेल तर एक फोल्डर कायमचं खुलं ठेवलेलं बरं. पहिल्यांदा मांडायला अर्धा तास लागतो.

आधी त्या कामापुरता वेगळा यूजर करा. विंडोज ११मध्ये सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर यूजर्स, ॲड अकाउंट इथे जा. ते ईमेल मागेल. 'आय डोन्ट हॅव धिस पर्सन्स साइन-इन इन्फर्मेशन' निवडा, पुढच्या पानावर 'ॲड अ यूजर विदाउट अ मायक्रोसॉफ्ट अकाउंट' निवडा. नाव इंग्रजी लिपीत साधं ठेवा, जसं 'घर' (ghar), आणि पासवर्ड द्या. हा खटाटोप करायचं कारण असं की कॉम्प्युटर उघडताना आपण जो चार आकडी पिन घालतो तो नेटवर्कवरून चालत नाही. लोक पिन घालत राहतात आणि पासवर्ड चुकला असं पुन्हा पुन्हा ऐकतात.

मग 'सामायिक' नावाचं एक नवं फोल्डर करा. त्यावर उजवी टिचकी, प्रॉपर्टीज, शेअरिंग, आणि 'शेअर' बटण. तिथे 'घर' हा यूजर जोडा, त्याच्यापुढे 'रीड/राइट' निवडा, आणि शेअर करा. अख्खी सी ड्राइव्ह कधीही शेअर करू नका. घर दाखवायचं म्हणून कोणी पेटीची किल्ली देत नाही.

अँड्रॉइड फोनवर सीएक्स फाइल एक्सप्लोरर टाका. त्यात नेटवर्कमध्ये नवी जागा जोडताना 'एसएमबी' (नेटवर्कवरून फोल्डर वाटायची विंडोजची पद्धत) निवडा, कॉम्प्युटरचा पत्ता, यूजर आणि पासवर्ड भरा. फोल्डर फोनमधलंच असल्यासारखं उघडेल. आयफोनवर वेगळं ॲप लागत नाही, २०१९च्या आयओएस १३पासून 'फाइल्स' ॲपमध्येच सोय आहे: ब्राउझमध्ये वरच्या तीन टिंबांवर टिचकी, 'कनेक्ट टू सर्व्हर', मग इंग्रजीत एसएमबी ही तीन अक्षरं, कोलन, दोन तिरप्या रेघा आणि पत्ता, मध्ये कुठे जागा न सोडता. फोल्डरमधला व्हिडिओ फोनवर उतरवून न घेता बघायचा असेल तर व्हीएलसी ॲप याच वाटेने तो थेट लावतं.

काही दिवसांनी अचानक जोडलं जात नसेल तर बहुधा राउटरने कॉम्प्युटरचा पत्ता बदलला आहे. राउटरच्या सेटिंग्जमध्ये डीएचसीपी रिझर्व्हेशन असतं, तिथे कॉम्प्युटरला एक पत्ता कायमचा बांधून द्या.

शोधाशोध करताना दोन सल्ले सापडतील, दोन्ही ऐकू नका. एक, 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग बंद करा'. दुसरा, 'एसएमबी १ चालू करा'. ती जुनी पद्धत विंडोज १०ने २०१७ सालीच आपणहून घालणं बंद केलं. त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने तिच्यातल्याच भोकातून शिरून जगभरचे कॉम्प्युटर कुलूपबंद केले होते. एखादं ॲप किंवा जुना टीव्ही तीच मागत असेल तर ते ॲप बदला.

घरी पाहुणे उतरवत असाल तर

गुहागरपासून मालवणपर्यंत कितीतरी घरांत आता दोन-चार खोल्या पर्यटकांसाठी असतात, आणि वायफायचा पासवर्ड भिंतीवर लावलेला असतो. ज्या पाखाडीवर तुमचं सामायिक फोल्डर आहे त्याच पाखाडीवर अनोळखी माणसं येतात, ही गोष्ट मला खरोखर काळजीची वाटते. पाहुण्यांची आधार कार्डं स्कॅन करून त्याच कॉम्प्युटरवर ठेवलेली मी पाहिली आहेत.

उपाय सोपा आहे. राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' चालू करा, त्याला वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड द्या, आणि भिंतीवर तोच लावा. गेस्टवरच्यांना इंटरनेट मिळतं, घरातली उपकरणं दिसत नाहीत. सुरुवातीला गेस्टवर जाऊ नका म्हटलं ते यासाठीच. आणि भिंतीवरचा जुना पासवर्ड आज बदला. तो आतापर्यंत किती फोनांत जाऊन बसला असेल कोण जाणे.

राउटरच नसेल तर

३ जून २०२०ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि श्रीवर्धन-दापोलीकडच्या कित्येक गावांत नंतर बरेच दिवस वीज नव्हती. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते. अशा वेळी पडझडीचे फोटो एका ठिकाणी जमवायचे असतील, पंचनाम्यासाठी म्हणा, तर राउटरवाचूनही चालतं.

एका फोनवर हॉटस्पॉट चालू करा आणि लॅपटॉप व बाकीचे फोन त्याला जोडा. तो फोनच आता राउटर झाला. लोकलसेंड नेहमीसारखं चालेल, मोबाइलला रेंज नसली तरी. रेंज असेल तर मोबाइल डेटा आधी बंद करा, नाहीतर लॅपटॉप संधी साधून विंडोजचे अपडेट उतरवायला लागेल आणि दिवसाचा डेटा गिळून टाकेल. हा नवा वायफाय म्हणजे नवं नेटवर्क, तेव्हा विंडोजमध्ये त्यालाही 'प्रायव्हेट' करावं लागेल.

घरी राउटर आहे, पण वीज सारखी जाते, असं असेल तर राउटरसाठी बारा व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. घ्यायच्या आधी राउटरच्या अडॅप्टरवरचा व्होल्टचा आकडा वाचून घ्या.

आणि काहीच जमेना तर यूएसबी केबल आहेच. फोन जोडल्यावर वरून खाली पट्टी ओढून 'फाइल ट्रान्सफर' निवडा. वेगाला ती बहुतेक वेळा वायफायपेक्षा सरसच असते. फक्त चार्जिंगपुरती असलेली केबल मात्र यात चालत नाही.

फोनवरून पुसण्याआधी

चुलतभावाने जे केलं ते कोणीही करेल, म्हणून हा भाग घाईने वाचू नका. फाइल गेल्या असं ॲपने सांगितलं तरी लगेच पुसायचं नाही. कॉम्प्युटरवर फोल्डरमध्ये किती फाइल आल्या ते मोजा आणि फोनवर किती निवडल्या होत्या त्याच्याशी ताडा. सगळ्यात मोठा व्हिडिओ उघडा आणि शेवटच्या मिनिटापर्यंत सरकवून बघा. अर्धवट आलेली फाइल सुरुवातीला नीटच दिसते. दोन-चार फोटोंचा आकार दोन्हीकडे तपासा. फोनवर साडेचार एमबी आणि इथे तीनशे केबी असेल तर तो फोटो मूळ नव्हता, ग्रुपवरून आलेला होता. ज्याने काढला त्याच्याकडून मागून घ्या, तो गाडीत बसायच्या आत.

आयफोनचे फोटो विंडोजवर उघडत नसतील तर ते बिघडलेले नाहीत. त्यांचा प्रकार हाइक असतो, त्यासाठी मायक्रोसॉफ्ट स्टोअरवरून एक जोड टाकावी लागते. पुढचे फोटो साधे जेपेग यायला हवे असतील तर आयफोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, फॉरमॅट्स, 'मोस्ट कम्पॅटिबल'.

कॉम्प्युटरवरची प्रत ही एकच प्रत असेल तर मी अजूनही फोनवरचं पुसू देत नाही. समुद्रापासून अर्ध्या मैलावरच्या घरात कॉम्प्युटरच्या आतले पत्रे गंजताना मी पाहिले आहेत. दुसरी प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर हवी, आणि ती डिस्क दुसऱ्या घरात. डिस्क किंवा पेनड्राइव्ह फॅट ३२ या प्रकारचा असेल तर ४ जीबीपेक्षा मोठा व्हिडिओ त्यावर बसत नाही. नवी असतानाच ती एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या. आत काही असेल तर आधी ते काढून ठेवा, फॉरमॅटने सगळं जातं.

आमची डिस्क गणपतीनंतर चुलतभावाच्या पिशवीत, कुळथाच्या पिठाच्या वरती, डोंबिवलीला जाते आणि शिमग्याला परत येते. गेल्या शिमग्याला ती आली तेव्हा तिच्यात एक जास्तीचं फोल्डर होतं. त्याने कपाटातला जुना फोन चार्ज करून, घरच्या वायफायवरून, त्यातलं सगळं काढलं होतं. २०१६ सालची गौर, आणि तिच्यासमोर काकू फुगडी घालताना, पावणेदोन मिनिटं, मूळ व्हिडिओ.